काठावरची खुर्ची

गुरुवार, २९ मार्च

सात माणसं! मी दोघांसाठी घेतलेल्या घरात सात माणसं!

बाथरूममध्ये बसून लिहितेय. या अख्ख्या व्हिलात आतून कडी लागणारी ही एवढी एकच जागा. बाहेर माझ्या नणंदेची, सुमिंत्राची, दोन्ही पोरं पूलमध्ये उड्या मारताहेत, तिचा नवरा बिसेसर गाडीची चारही दारं उघडून गाणी वाजवतोय, आणि सासूबाई, म्हणजे मा, स्वयंपाकघरात स्वतःचा तवा ठेवायला जागा शोधताहेत. तवा आणलाय! पोळपाट-लाटणं आणलंय! काळं बिडाचं भांडं आणलंय, तांदळाचं पोतं आणलंय. आणि बिसेसरच्या गाडीच्या टपावर बांधून आमच्या बेटावरच्या बॅरकपूरहून एक पंधरा फुटी बांबू आणलाय. बंदरावर फेरीबोटीत गाडी चढवताना पोलीस विचारत होता, मासे धरायला का? देवनाथ नुसता हसला. माझा नवरा कुठल्याही अडचणीत नुसता हसतो.

तीन वर्षं भिशी भरली मी. लोकांच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवून शिवून. जानेवारीत माझ्या नावावर लागली तेव्हाच ठरवलं — या ईस्टरला समुद्रापलीकडे टोबॅगो. मी आणि देवनाथ. बस्स. हॉटेल नको, हॉटेलात लोक बघतात. उंच भिंतीआडचं घर आणि आपला आपला पूल. देवनाथला सांगितलं, तर ह्या माणसानं दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच आईला सांगून टाकलं! "चार खोल्या आहेत म्हणे मा. आम्ही दोघं काय तिथं क्रिकेट खेळणार?"

आणि मा म्हणाल्या, "मी येते."

पंचवीस वर्षांत ही बाई कुठं "येते" म्हणाली नाही. लग्नाकार्याला ओढून न्यावं लागतं. नातेवाइकांच्या घरी जायचं तर सकाळपासून गुडघे दुखतात. आणि आता — "मी येते"! मा येणार म्हणून माझी नणंद येणार, नणंद येणार म्हणून बिसेसर आणि पोरं येणार. मी मूग गिळून बसले. बसायला नको होतं.

फेरीबोटीवर सगळ्यांचे हाल झाले. सुमिंत्रा पिशवीत ओकत होती, बिसेसर पांढराफटक पडला होता. मा तेवढ्या साडेतीन तास बाहेर कठडा धरून उभ्या. आत चला म्हटलं तर म्हणाल्या, "तू जा." घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न काय, तर "ही भिंत किती उंच आहे गं? पलीकडून कुणाला दिसत नाही ना?" चोरांची भीती वाटते त्यांना. सगळीकडे चोर.

मला काय हवंय ते इथं तरी लिहून ठेवते. मला पाण्यावर उताणं पडायचंय. एवढंच. एकावन्न वर्षांची झाले, गुडघ्याच्या वर पाणी कधी लागलं नाही. समुद्रावर जायचं म्हणजे आम्ही बायका भाताची पातेली सांभाळत नारळाखाली बसणार आणि पुरुष-पोरं डुंबणार. मला उताणं पडून आभाळ बघायचंय, कान पाण्यात बुडवून. कुणी "दुलहिन!" म्हणून हाक मारली तरी ऐकू येणार नाही असं. पोहण्याचा पोशाख मीच शिवलाय, पूर्ण बाह्यांचा, गडद निळा. बॅगेच्या तळाशी आहे. देवनाथलाही माहीत नाही. इथं आल्यावर सांगणार होते, की मला एकदा पाठीखाली हात धर.

आता काय सांगणार, कपाळ!

एकच उपाय. पहाटे. सगळे झोपलेले असताना.


शुक्रवार, ३० मार्च

कोक्रिको पक्षी ओरडायच्या आत उठले. पोशाख घातला, वर घरातला झगा घातला, अनवाणी बाहेर गेले.

काठावर खुर्ची. खुर्चीत मा!

अंधारात, डोक्यावरून ओढणी घेऊन, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मला बघून दचकल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लवकर का उठलीस? झोप ना गं अजून थोडी. सुट्टीवर आलीस ना?"

सुट्टीवर आलीस ना! पंचवीस वर्षांत मला हे कधी सांगितलं नाही. टोमणा कसा मारावा हे या बाईकडून शिकावं. मी म्हटलं, चहा टाकायला उठलेय. आणि झग्याखाली तो पोशाख तसाच घालून सात माणसांचा चहा केला. काखेत काचत होता.

*दुपारी*

आज गुड फ्रायडे. घर सांभाळणाऱ्या मिस युला सकाळीच आल्या. थोराड बाई, टोबॅगोच्याच, आवाज असा की कुंपणापलीकडची कुत्री गप्प होतात. येताना अंडं घेऊन आल्या. ग्लासभर पाण्यात पांढरं सोडून उन्हात ठेवायचं, जो आकार होईल ते वर्षभराचं भविष्य. आमच्याकडेही लहानपणी शेजारीण करायची. सुमिंत्राच्या ग्लासात म्हणे देऊळ आलं. माझ्यात काहीच नाही, नुसता फेस. मांच्या ग्लासात मिस युलांनी होडी पाहिली. "ममा, तुम्ही पाण्यावरून जाणार!" मा ग्लासकडे बघत बसल्या होत्या, कितीतरी वेळ.

मग मिस युलांनी पूलमध्ये उडी मारायला निघालेल्या पोरांना दंडाला धरून मागं ओढलं. "आज नाही! गुड फ्रायडेला पाण्यात उतराल तर मासे व्हाल. माझ्या मावशीच्या शेजारचा मुलगा गेला होता समुद्रात."

"मग मासा झाला?" बिसेसरनं विचारलं.

"परत आला नाही. झाला असेल नाही तर काय?"

आणि मा काय म्हणाल्या? अगदी गंभीरपणे, "हे समुद्रापुरतंच का? की या टाकीतल्या पाण्यालाही लागू आहे?"

सगळे हसले. मी नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या त्या. मला वाटतं त्यांना संशय आलाय. सकाळी झग्याखालून निळी बाही दिसली असणार.

मिस युला म्हणाल्या, "पाणी ते पाणी, ममा. उद्यापर्यंत थांबा."


शनिवार, ३१ मार्च — सकाळ

पुन्हा! खुर्ची, ओढणी, मा!

आज तर केस विंचरून, तेल लावून, घट्ट वेणी घालून बसल्या होत्या. पहाटे पाचला! कुणासाठी? "आजही उठलीस?" म्हणाल्या. आवाजात सरळ सरळ वैताग. म्हणजे मी माझ्या पैशानं घेतलेल्या घरात उठायचंही नाही!

मी म्हटलं, "मा, थंडी बाधेल, आत जाऊन पडा."

"तूच जा आत. मला इथं बरं वाटतं."

दोघी बसलो. अर्धा तास. कुणी हललं नाही. मग पोरं उठली आणि धपाधप उड्या सुरू झाल्या. मा त्यांच्यावर ओरडल्या, "असे पाय आपटून कोण पोहतं रे! पाणी मारायचं नसतं, ढकलायचं असतं!" आता पोहणंसुद्धा ह्याच शिकवणार. चटणी वाटायची कशी, साडी नेसायची कशी, आणि आता हे.


शनिवार, ३१ मार्च — संध्याकाळ

हात टेकले.

आज हनुमान जयंती. बांबू त्यासाठी होता. झंडी लावायची म्हणे! मी म्हटलं, मा, झंडी आपल्या अंगणात लावतात, भाड्याच्या घरात नाही. आपण गुरुवारी जाणार, ती इथंच राहणार. एकदा रोवलेली झंडी उपटत नाहीत, कुजून आपोआप पडेपर्यंत राहते, हे मी सांगायला हवं का त्यांना? तर म्हणाल्या, "माझा नवस इथला आहे. झंडीही इथंच."

कसला नवस? सांगेनात. देवनाथ हसला. झालं.

सकाळी मी आणि सुमिंत्रानं नैवेद्याचे रोट तळले. इथल्या काचेच्या शेगडीवर मांचा तवा तापेना, कढई तापेना, तूप नुसतं कोमट होऊन बसलं. दोन तास! बांबू धुतला, हळद-कुंकू लावलं, लाल झेंडा बांधला. जागा मांनी स्वतः दाखवली — पूलच्या कडेला, गवतात. "पाण्याजवळ हवी." देवनाथनं माळ्याच्या खोपटातून पहार आणली आणि खणायला लागला. पोरं टाळ्या वाजवत होती. मा डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या.

तिसऱ्या घावाला "ठक्" असा आवाज आला. चौथ्याला भुस्सकन कारंजं!

पूलचा जमिनीखालचा पाइप. बरोब्बर पाइप! एवढं एकरभर गवत पडलंय, आणि हनुमानाला नेमकी तीच वीतभर जागा हवी होती. देवनाथ नखशिखांत भिजला. मांनी डोळे उघडले, बघितलं, आणि पुन्हा मिटून स्तोत्र पुरं केलं. मग त्याच खड्ड्यात बांबू उभा केला. "उभा केला, आता होईल ते होईल."

आता झंडी मजेत फडफडतेय आणि पूल गळतोय. मिस युला आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, एकदा झेंड्याकडे आणि एकदा पाण्याकडे बघितलं. "हे काय, तुम्ही लोकांनी देश जिंकला का?"

नळ दुरुस्त करणारा मंगळवारपर्यंत येणार नाही. मंगळवारी बुकू गावात बोकडांची शर्यत आहे आणि त्याचा बोकड धावणार आहे.

मी मिस युलांना म्हटलं, "बोकड धावेल, तो माणूस काय करेल?"

"बोकडामागं दोरी धरून तोच धावतो, मॅडम. आठवडाभर सराव असतो. या दिवसांत त्याला नळाबद्दल विचारलंत तर तुमच्याशी बोलणार नाही."


रविवार, १ एप्रिल

पाणी कमरेला आलं. काठावर पहाटे मा होत्याच. आता कसली राखण करताहेत, पाण्याची?


सोमवार, २ एप्रिल

आज बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले.

सकाळी पाणी घोट्याएवढं. वाळकी पानं, एक मेलेला बेडूक आणि धाकट्या पोराची चप्पल. मी काठावर उभी राहून बघत होते. सुमिंत्रा मागून आली. "जाऊ दे ना भौजी, तुला कुठं पोहता येतं? तुला काय फरक पडतो?"

तळपायाची आग मस्तकात गेली. नेमक्या तेव्हा मिस युला मालकांचा निरोप घेऊन आल्या. बांबू काढा, पाइप तिथूनच जातो, दुरुस्तीला अडतोय. मा म्हणाल्या, "झंडी निघणार नाही." देवनाथ म्हणाला, "मा म्हणतात तर..." बिसेसर म्हणाला, "देवाचं आहे, भौजी."

आणि मी म्हणाले, "उपटा! उपटा ती काठी आणि समुद्रात फेका!"

पोरांनी गाणं बंद केलं. मी थांबले नाही. म्हटलं, "मा, मी हे घर घेतलं. एक आठवडा. तुम्ही मला एक सकाळ दिली नाहीत. एकसुद्धा! रोज येऊन बसता माझ्या डोक्यावर. मी काय चोरून नेणार होते इथलं?"

देवनाथ हसला नाही. त्याला पहिल्यांदा हसू आलं नाही. "इंद्राणी," एवढंच म्हणाला.

मा माझ्याकडे बघत होत्या. रागावतील, रडतील, सुमिंत्राला सामान भरायला सांगतील असं वाटलं. त्यातलं काही नाही. नुसतं म्हणाल्या, "मी मागितलं ते मला अजून मिळालेलं नाही. मिळालं की झंडी पडली तरी चालेल." आणि आत जाऊन कणीक मळायला लागल्या.

मला लाज वाटतेय. रागही तेवढाच आहे. दोन्ही एकदम कसं असू शकतं माहीत नाही, पण आहे.


मंगळवार, ३ एप्रिल

सगळे बुकूला गेले, बोकड बघायला. मी म्हटलं डोकं दुखतंय. मा म्हणाल्या गुडघे दुखताहेत.

म्हणजे बघा! सहा दिवसांत पहिल्यांदा पोरं नाहीत, नणंद नाही, नवरा नाही, गाडीतली गाणी नाहीत. भिंत उंच. ऊन छान. आणि पूल कोरडा ठणठणीत. आणि काठावर मी आणि मा, दोन खुर्च्यांत, निळ्या फरशीकडे बघत. कुणी फोटो काढला असता तर वेड्यांच्या इस्पितळातला वाटला असता.

मग मीच उठून काल उरलेला खेकडा-डंपलिंगचा रस्सा गरम केला. खाताना म्हटलं, "कालचं मनावर घेऊ नका, मा."

"घेतलं नाही. खरं बोललीस."

खेकड्याची नांगी दातांनी फोडली त्यांनी, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मग आपणहून बोलायला लागल्या. त्यांचं माहेर इकाकोसचं, आमच्या बेटाच्या पार दुसऱ्या टोकाचं, एवढं मला माहीत होतं. वडील जाळं टाकायचे हेही. "स्वयंपाकघराच्या मागच्या दारात समुद्र होता," म्हणाल्या. "चुलीवर भात ठेवायचा आणि जायचं. भात शिजेपर्यंत एक फेरी व्हायची."

"होडीनं?"

मांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. मग नांगीचा तुकडा ताटात ठेवला. "हूं," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "मग लग्न झालं. बॅरकपूर. चारी बाजूंना ऊस. तुझे सासरे म्हणाले, आमच्याकडे बायका असलं काही करत नाहीत." हात धुवायला उठल्या.

असलं म्हणजे कसलं? होडीत बसणं? विचारणार होते, तेवढ्यात गाडी आली. बिसेसर दारातूनच ओरडत होता. नळवाल्याचा बोकड मधेच थांबून एका बाईच्या टोपीवरची फुलं खायला लागला. शेवटून दुसरा आला. आता तो माणूस उद्या येतो की नाही देव जाणे.


बुधवार, ४ एप्रिल

आला. तोंड पाडून आला. बोकडाचं नाव काढायचं नाही असं मिस युलांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. बिसेसरनं काढलंच. तरी त्या भल्या माणसानं झंडीला हात लावला नाही. तिच्याकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली, आणि पाइप बांबूला वळसा घालून नेला. "देवाशी कोण भांडणार? मी कालच भांडलोय."

दुपारी टँकर आला. पूल भरायला लागला. मिस युला म्हणाल्या, सकाळपर्यंत काठोकाठ.

सकाळी दहाला घर सोडायचंय. दुपारची फेरी.

म्हणजे पहाट एकच उरली. आणि काठावर खुर्ची असणार, खुर्चीत मा असणार. असू देत! ठरवलंय. मी झगा काढणार, त्यांच्यासमोर, निळा पोशाख घालून, आणि पायऱ्या उतरणार. टोमणा मारला तर मारू देत. अख्ख्या बॅरकपूरला सांगितलं तरी चालेल. बुडाले तर बुडाले.

देवनाथला आज सांगितलं, शेवटी. पोशाख दाखवला. त्यानं हातात घेऊन शिवण बघितली. "मला का नाही सांगितलंस आधी?" म्हणाला. मी म्हटलं, "तू नाश्त्याला आईला सांगितलं असतंस." मी उठतो बरोबर, म्हणाला. मी म्हटलं, नको. आता एकटीनंच.


गुरुवार, ५ एप्रिल

खुर्ची रिकामी होती.

तिच्यावर ओढणी, नीट घडी घातलेली, आणि घडीवर चष्मा. पळत काठाशी गेले.

मा पाण्यात होत्या. मधोमध, खोल भागात. उताण्या. जुना सुती झगा अंगाभोवती फुगलेला, वेणी सुटून पाण्यावर पसरलेली, डोळे मिटलेले. हातसुद्धा हलत नव्हता, आणि बुडत नव्हत्या.

"मा!" मी हाक मारली. कान पाण्याखाली होते. ऐकू गेलं नाही.

दुसऱ्यांदा मारली नाही.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या, हनुवटीपर्यंत पाणी. "तू जायचं नाव घेत नव्हतीस गं!" म्हणाल्या. "रोज वाट बघायचे, ही बाई कधी आत जाते, कधी आत जाते. साठ वर्षं झाली मला पाण्यात उतरून. या घराला भिंत आहे म्हणून तर आले."

मी झगा काढला.

निळ्या पोशाखाकडे बघत राहिल्या. बाह्या, शिवण, सगळं. मग त्यांचा चेहरा असा झाला की तो मी कधी बघितला नव्हता. बहुतेक माझाही.

"बघतेस काय," म्हणाल्या. "आधी ते दार लाव."

*

फेरी सुटली. सुमिंत्रा विचारतेय, "तुम्हा दोघींचे केस ओले कसे?" मा समुद्राकडे बघताहेत. मीही.